छोट्या मोटारीला आकार देणारा इंजिनिअर : अॅलेक इसिगोनिस

बेळगाव, पणजी किंवा इंदूर, कुठल्याही गॅरेजमध्ये जाऊन छोट्या मोटारीचं बॉनेट उघडून बघा. बहुतेक गाड्यांत इंजिन आडवं बसवलेलं दिसेल. गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाते, त्यामुळे मागे ताकद नेणारा लांब दांडा लागत नाही. म्हणूनच साडेतीन मीटरच्या गाडीत चार-पाच माणसं बसतात आणि डिकीत दोन बॅगाही मावतात. ही मांडणी घराघरांत पोचली ती अॅलेक इसिगोनिस यांच्या मिनी मोटारीमुळे. १९५९ मध्ये त्यांनी ती आणली, तेव्हा सुरक्षिततेबद्दलचा त्यांचा विचार अर्धा बरोबर होता. उरलेला अर्धा दुसऱ्यांनी पूर्ण केला.

स्मर्नाहून लंडनला

इसिगोनिस यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०६ रोजी स्मर्ना शहरात झाला. हे बंदर तेव्हा ऑटोमन साम्राज्यात होतं, आज ते तुर्कस्तानातलं इझ्मिर म्हणून ओळखलं जातं. वडील ग्रीक वंशाचे, पण ब्रिटिश नागरिक. त्यांचा जहाजांच्या इंजिनांशी संबंधित कारखाना होता. आई जर्मन घराण्यातली. लहानपण यंत्रांच्या आवाजात आणि खात्यापित्या घरात गेलं.

१९२२ च्या सप्टेंबरमध्ये सगळं बदललं. ग्रीक-तुर्की युद्धात तुर्की फौजा शहरात शिरल्या आणि पाठोपाठ स्मर्नाला मोठी आग लागली. ब्रिटिश नागरिक असल्यामुळे या कुटुंबाला ब्रिटिश नौदलाने माल्टा बेटावर हलवलं. कारखाना, घर, सगळं मागे राहिलं. थोड्याच काळात वडील वारले. १९२३ मध्ये आई आणि मुलगा इंग्लंडला पोचले, ते जवळपास शून्यातून सुरुवात करायला.

लंडनच्या बॅटर्सी पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी इंजिनिअरिंगचं शिक्षण घेतलं. गणितात ते तीनदा नापास झाले. निव्वळ गणिताने माणसाची कल्पनाशक्ती मारली जाते, असं त्यांचं मत पुढेही कायम राहिलं. त्यांचा हात होता चित्रात. मिळेल त्या कागदावर ते गाडीचे भाग हाताने रेखाटत. मोजमापं आणि आकडेमोड नंतर सहकाऱ्यांनी करायची, अशी त्यांची पद्धत होती.

शर्यतीतून मिळालेला धडा

१९३४ मध्ये ते कॉव्हेंट्रीच्या हंबर कंपनीत आणि १९३६ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या मॉरिस मोटर्समध्ये रुजू झाले. गाडीची चाकं रस्त्याला कशी धरून राहतील, म्हणजे सस्पेन्शन, हा त्यांचा विषय. नोकरी सांभाळून ते छोट्या ऑस्टिन सेव्हन गाडीने शर्यतींत उतरत. पुढे जॉर्ज डाउसन या मित्राबरोबर त्यांनी स्वतःच्या हातांनी एक हलकी शर्यतीची गाडी बनवली. वजन कमी आणि चाकांची पकड चांगली असेल, तर छोटं इंजिनही वळणावर मोठ्या गाडीला मागे टाकतं, हे त्यांनी तिथे अनुभवलं.

दुसरं महायुद्ध चालू असतानाच त्यांनी सामान्य माणसाच्या गाडीचा आराखडा सुरू केला. तीच १९४८ च्या लंडनमधल्या मोटार प्रदर्शनात मॉरिस मायनर म्हणून लोकांसमोर आली. गाडी तयार होत आली असताना ती अरुंद दिसते, असं इसिगोनिस यांना वाटलं. त्यांनी नमुन्याची गाडी लांबीतून मधोमध कापायला लावली आणि दोन्ही भाग चार इंच लांब ठेवून पाहिले. तेवढी रुंदी वाढवली गेली. आधीच बनलेले बंपर मग मध्ये तुकडा जोडून वापरावे लागले.

कंपनीचे मालक लॉर्ड नफिल्ड यांना गाडीचं रूप मुळीच आवडलं नाही. गिऱ्हाइकांना मात्र आवडलं. स्टिअरिंग नेमकं चाले, वजन पुढच्या चाकांवर चांगलं बसे, त्यामुळे वळणावर गाडी भरवशाची वाटे. दहा लाखांचा आकडा गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार ठरली. भारतातही ती १९५० च्या दशकात बेबी हिंदुस्तान या नावाने रस्त्यावर आली.

दहा फुटांची गाडी

१९५२ मध्ये मॉरिस आणि ऑस्टिन एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झाली. इसिगोनिस काही वर्षं अल्व्हिस कंपनीत गेले, पण तिथे त्यांनी आखलेली मोठी गाडी बाजारात आलीच नाही. १९५५ च्या अखेरीस लिओनार्ड लॉर्ड यांनी त्यांना परत बोलावलं.

पुढच्याच वर्षी सुएझ कालव्याचा पेच झाला. तेल अडलं आणि ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं. लोक बुडबुड्याच्या आकाराच्या चिमुकल्या जर्मन गाड्या घेऊ लागले. लॉर्ड यांनी १९५७ मध्ये इसिगोनिस यांना सांगितलं, खरीखुरी छोटी मोटार करा, पण इंजिन आपल्याकडे आहे तेच वापरा.

इसिगोनिस यांनी लांबी धरली दहा फूट, म्हणजे तीन मीटरपेक्षा थोडी जास्त. त्यातली ऐंशी टक्के जागा माणसांना आणि सामानाला द्यायची, असं ठरवलं. मग इंजिन आडवं केलं आणि गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली, तेलाच्या टाकीतच बसवला. चाकं फक्त दहा इंचांची आणि गाडीच्या अगदी चार कोपऱ्यांवर. स्प्रिंगांऐवजी अॅलेक्स मोल्टन यांनी तयार केलेले रबराचे कोन. दारांच्या काचा सरकत्या, त्यामुळे दारांतही सामान ठेवायला मोठे खण मिळाले.

सव्वादोन-अडीच वर्षांत काम उरकलं. २६ ऑगस्ट १९५९ रोजी मिनी बाजारात आली. इंजिन ८४८ सीसी, वजन सुमारे ६०० किलो, किंमत करासह ४९६ पौंड. घाईचे परिणामही दिसले. तळाच्या पत्र्यांची जोडणी अशी होती की पावसात आत पाणी शिरायचं. दोष दुरुस्त झाला, पण पहिल्या गिऱ्हाइकांचे पाय भिजलेच.

इसिगोनिस यांचा सुरक्षिततेचा विचार शर्यतीतून आलेला होता. गाडी चटकन वळली, रस्ता धरून राहिली आणि चालकाला चारी बाजूंचं नीट दिसलं, तर अपघात टळतो. चालकाने फार आरामात बसू नये, नाही तर त्याचं लक्ष उडतं, असंही त्यांना वाटे. रेडिओही त्यांना नको होता. या विचारात तथ्य होतं. १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये मिनी कूपरने मोंटे कार्लो रॅली जिंकली. बर्फाच्या घाटवाटांवर तिने कितीतरी मोठ्या गाड्यांना मागे टाकलं.

पण अपघात झालाच तर आतल्या माणसाचं काय, याचा विचार त्या गाडीत फारसा नव्हता. सुरुवातीच्या मिनीत सीट बेल्टही नव्हते.

१९५९ सालच्या आणखी दोन गोष्टी

योगायोग असा की या प्रश्नाचं उत्तर त्याच वर्षी दुसरीकडे तयार होत होतं. स्वीडनमध्ये व्होल्व्होचे इंजिनिअर निल्स बोलिन यांचा खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा १९५९ मध्ये गाड्यांत बसू लागला. कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. जर्मनीत मर्सिडीजचे बेला बारेन्यी यांनी वेगळी कल्पना मांडली होती. गाडीचा पुढचा आणि मागचा भाग धडकेत चुरगळावा, त्यातच धक्क्याचा जोर जिरावा आणि मधली माणसांची केबिन घट्ट राहावी. या तत्त्वावरची त्यांची मोटारही १९५९ मध्येच आली.

मिनीला पुढे जागाच फार कमी होती. चुरगळायला काही तरी लांबी लागते. अमेरिकेत सुरक्षितता आणि धुराचे नियम कडक झाले तेव्हा, १९६० च्या दशकाच्या शेवटी, मिनी त्या बाजारातून बाहेर पडली. ब्रिटनमध्ये पुढच्या सीटवर बेल्ट लावणं १९८३ पासून सक्तीचं झालं. तेव्हा इसिगोनिस हयात होते.

छोटी गाडी कशी बदलली

आडव्या इंजिनाची कल्पना जगभर पसरली. फियाटच्या दान्ते जाकोसा यांनी गिअरबॉक्स इंजिनाखालून काढून त्याच्या शेजारी बसवला. आजच्या बहुतेक छोट्या गाड्या याच सुधारित मांडणीवर आहेत. डिसेंबर १९८३ मध्ये भारतात आलेली मारुती ८०० ही त्याच घराण्यातली. आडवं ७९६ सीसी इंजिन, पुढच्या चाकांना ताकद आणि बारा इंचांची चाकं. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांना करसवलत मिळाली आणि छोटी गाडी म्हणजे चार मीटरच्या आतली, हा हिशेब बाजारात पक्का झाला.

सुरक्षिततेत आपण उशिरा जागे झालो. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटरने आदळून पाहिल्या. पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्यानंतर ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलना धडक चाचणीचे नियम लागू झाले. पुढे एबीएस आणि चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, मग शेजारच्या सीटसाठीही. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारत एनकॅप ही आपली तारे देणारी चाचणी सुरू झाली. त्याची किंमत वजनात मोजावी लागली. २००१ मध्ये नव्या मालकांनी आणलेली मिनी साडेतीन मीटरच्या पुढे गेली आणि एक टनाहून जड झाली.

घाटात उतरताना

चोर्ला असो की आंबोली, पावसाळ्यात छोटी गाडी घेऊन उतरणाऱ्याला १९५९ च्या तिन्ही गोष्टी लागतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत स्टिअरिंग आणि ताकद दोन्ही त्याच दोन चाकांवर असतात. ओल्या वळणावर गाडी सरळच सरकू लागली, तर स्टिअरिंग आणखी पिळू नये. एक्सलरेटर हळू सोडावा, स्टिअरिंग थोडं सैल करावं, चाकं पुन्हा पकड घेतात. एबीएस असेल तर ब्रेक जोरात दाबून धरावा आणि गाडी वळवत राहावी. पायाला थरथर जाणवते, ती बिघाडाची खूण नसते.

पेट्रोल वाचवायला घाट न्यूट्रलवर उतरायची सवय अजून गेलेली नाही. आताच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की इंधन आपोआप बंद होतं. न्यूट्रलवर उलट इंजिन चालू ठेवायलाच पेट्रोल लागतं, आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

छोटी गाडी ट्रकला धडकली तर जास्त झटका हलक्या गाडीलाच बसतो. वेग ताशी ४० वरून ८० केला तर धडकेचा जोर चौपट होतो. म्हणून ट्रकमागे अंतर ठेवावं. ट्रकचा आरसा आपल्याला दिसत नसेल तर त्या चालकालाही आपण दिसत नाही. टपावर सामानाचा ढीग लादला की गाडी वळणावर जास्त झुकते, इसिगोनिस यांनी कमावलेली पकड तिथेच निम्मी जाते.

आणि बेल्ट. एअरबॅग बेल्टच्या जोडीने काम करण्यासाठीच असते. मागे बसलेल्यांनाही बेल्ट कायद्याने सक्तीचा आहे, आणि मोटार वाहन कायदा केंद्राचा असल्याने राज्याची हद्द ओलांडली तरी ही सक्ती संपत नाही. पुढच्या सीटवर मांडीवर बाळ घेऊन बसणं तर सर्वांत धोक्याचं. धडकेत ते बाळ कुणाच्याही हातात टिकत नाही.

शेवटची वर्षं

मिनीनंतर इसिगोनिस यांच्या ११०० या गाडीनेही ब्रिटनमध्ये भरपूर खप मिळवला. १९६७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि १९६९ मध्ये त्यांना सर किताब मिळाला. पण १९६८ मध्ये कंपनी ब्रिटिश लेलँडमध्ये विलीन झाली आणि त्यांना बाजूला सारलं गेलं. मिनीपेक्षाही हलकी गाडी त्यांनी आखली होती, ती कारखान्यापर्यंत पोचली नाही. १९७१ मध्ये ते निवृत्त झाले. लग्न त्यांनी केलं नाही. स्मर्नाहून सोबत आलेली आई १९७२ मध्ये वारेपर्यंत त्यांच्याच घरी होती.

२ ऑक्टोबर १९८८ रोजी बर्मिंगहॅममध्ये त्यांचं निधन झालं. त्यांची मिनी पुढे बारा वर्षं बनत राहिली. ऑक्टोबर २००० मध्ये शेवटची गाडी कारखान्याबाहेर पडली, तोवर ५३ लाखांहून जास्त मिनी तयार झाल्या होत्या. सुरुवातीच्या गाडीत नसलेले सीट बेल्ट आणि एअरबॅग शेवटच्या वर्षांतल्या मिनीत बसले होते.