महर्षी कर्वे

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली येथे झाला. १८९१ पासून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. १८९३ साली त्यांनी विधवेशी लग्न केलं, म्हणून मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. पण ते डगमगले नाहीत. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. पुढे तो हिंगण्याला गेला. तिथून ते कॉलेजात पायी जात. १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं. १९५८ मध्ये, शंभरी गाठली त्या वर्षी, सरकारनं त्यांना भारतरत्न दिलं. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते वारले.

माझ्या आजीची शाळा चौथीतच सुटली होती. मी तिला हे वाचून दाखवलं. ताईला दहावीनंतर शिरूरला शिकायला पाठवायचंच, असं तिनं अण्णांना बजावलं.