राणी व्हिक्टोरिया हिचीं नऊ लेकरें

सोयरीक जुळली म्हणजे दोन घराण्यांत वैर राहत नाहीं, असें पुष्कळ आईबापांस वाटतें. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिचें चरित्र ह्या बाबतींत विचार करण्याजोगें आहे.

राणीचा जन्म २४ मे १८१९ रोजीं झाला व १८३७ सालीं ती गादीवर बसली. १८४० सालीं तिनें आपला मामेभाऊ आल्बर्ट यास वरिलें. १८४० ते १८५७ ह्या अवधींत त्यांस चार पुत्र व पांच कन्या झाल्या. हीं नऊही लेकरें वाढून मोठीं झालीं व सर्वांचे विवाह झाले.

वडील कन्या व्हिक्टोरिया ही १७ वर्षांची असतां, १८५८ सालीं, प्रशियाचा राजपुत्र फ्रेडरिक यास दिली. ह्या विवाहानें इंग्रज व जर्मन यांचें सख्य दृढ होईल, अशी आईबापांची आशा होती. १४ डिसेंबर १८६१ रोजीं आल्बर्ट वारला. दुसरी कन्या ॲलिस हिचा विवाह हेसचा राजपुत्र लुडविग याजबरोबर १८६२ सालीं त्या शोकांतच झाला. १८६३ सालीं वडील पुत्र एडवर्ड यानें डेन्मार्कची राजकन्या अलेक्झांड्रा हिला वरिलें.

पुढल्याच वर्षीं प्रशियानें डेन्मार्कवर स्वारी केली. लेकीचें सासर सुनेच्या माहेरावर उठलें! १८६६ सालीं प्रशिया व हेस लढले, तेव्हां दोघे जावई परस्परविरुद्ध सैन्यांत होते. ॲलिस गरोदर असूनही जखमी शिपायांच्या शुश्रूषेची तजवीज करीत होती. त्या वेळीं झालेल्या कन्येचें नांव आयरीन ठेविलें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ शांति. १८७८ सालीं तिच्या घरांत घटसर्प शिरला. चार वर्षांची एक मुलगी दगावली. पतीची व मुलांची सेवा करितां करितां ॲलिसलाही तो रोग जडला, आणि १४ डिसेंबर रोजीं, पित्याच्याच मृत्युदिनीं, ती ३५ व्या वर्षीं मरण पावली.

२२ जानेवारी १९०१ रोजीं राणीनें देह ठेविला, तेव्हां वडील लेकीचा मुलगा, जर्मन बादशहा विल्हेल्म, तिच्या उशाशीं होता. १९१४ सालीं तो व एडवर्डचा पुत्र राजा जॉर्ज, हे आतेमामेभाऊ, महायुद्धांत परस्परांचे शत्रू झाले.

वाचकहो, लग्नाच्या गांठीनें राज्यांचें वैर मिटलें नाहीं. त्याचें ओझें मात्र लेकीसुनांनीं वाहिलें. आपल्या गांवींही दोन घरांचा तंटा मिटावा म्हणून मुलगी देतात. ज्यांनीं तंटा केला त्यांनींच समोरासमोर बसून आधीं तो मिटवावा, मग सोयरीक करावी. मुलीस जामीन ठेवूं नये.