इंग्रजीचं ग्रामर शिकता शिकता त्यांनी मराठीचं व्याकरण लिहून काढलं, वय होतं फक्त 22

सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात श्रीपूर नावाचं गाव आहे. साखर कारखान्यामुळं ओळखलं जाणारं. आता श्रीपूरच्या शाळेतल्या आठवी-नववीच्या पोराची वही उघडून बघा, नाहीतर तुमची स्वतःची जुनी वही आठवा. एका वहीत ‘गो-वेंट-गॉन’, ‘सी-सॉ-सीन’ अशा रांगाच्या रांगा लिहिलेल्या असणार. दुसऱ्या वहीत वर्तमानकाळ, भूतकाळ, भविष्यकाळ आणि त्यांचे उपप्रकार.

गंमत अशी की दोन्हीकडचं गणित बाराचंच आहे. इंग्रजीत तीन काळ आणि प्रत्येकाचे चार प्रकार. मराठीतही तीन काळ आणि प्रत्येकाचे चार प्रकार. साधा, अपूर्ण, पूर्ण इथपर्यंत दोघं हातात हात घालून चालतात. चौथ्याला मात्र वाटा फुटतात. इंग्रजीचा चौथा प्रकार म्हणजे ‘हॅव बीन गोइंग’वाला, आणि मराठीचा चौथा म्हणजे रीतिकाळ, ‘मी जात असे’, ‘मी जात असतो’.

आता हे दोन तक्ते इतके सारखे कसे? मराठी काय इंग्रजीची बहीण नाही.

तर त्याचं कारण शोधत मागं गेलं की आपण 1836 सालच्या मुंबईत पोहोचतो आणि एक नाव समोर येतं.

दादोबा पांडुरंग तर्खडकर.

तर्खडकर म्हटल्यावर अनेकांना ‘तर्खडकर भाषांतर पाठमाला’ आठवली असेल. मराठी घरांतल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या त्या या पाठमालेवर. आधी मराठी वाक्य, मग त्याचं इंग्रजी, मग उलट. पण इथं एक गल्लत कायम होते. ती पाठमाला दादोबांची नाही. ती द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची, आणि नंतरच्या काळातली. दादोबांचं काम त्याच्या आधीचं आणि बरोबर उलट्या दिशेचं होतं.

दादोबांचा जन्म 9 मे 1814 चा, मुंबईचा. घराणं मूळचं वसईकडचं. पेशवाई बुडायला अजून चार वर्षं बाकी होती. पोरगा लिहायला-वाचायला लागेपर्यंत राज्य बदललेलं होतं आणि मुंबईत इंग्रजी शिकवणाऱ्या शाळा सुरू झाल्या होत्या. सुरुवात पंतोजींच्या शाळेतल्या धूळपाटीनं करायची आणि मग इंग्रजी शाळेत जायचं, असा रस्ता धरलेली ती पहिलीच पिढी.

या इंग्रजी शिक्षणात दादोबांच्या हाती लिंडले मरेचं व्याकरण आलं. हा मरे मूळचा अमेरिकेचा, पेशानं वकील. तो इंग्लंडात यॉर्कजवळ येऊन राहिला आणि तिथल्या क्वेकर पंथाच्या मुलींच्या शाळेसाठी त्यानं 1795 साली इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक लिहिलं. ते पुस्तक जगभर गेलं. इंग्रजांचं राज्य जिथं जिथं, तिथं तिथं मरे. शब्दांच्या जाती कोणत्या, क्रियापद कसं चालतं, टेन्स किती, सगळं खणात लावून ठेवल्यासारखं. मरेनं टेन्स सहा मानले होते. आणि खुद्द इंग्रजीला हे कपडे लॅटिन व्याकरणाच्या मापानं शिवलेले होते, हेही जाता जाता सांगायला हवं.

दादोबांना प्रश्न पडला तो साधाच होता. इंग्रजीला असं पुस्तक आहे, संस्कृतला तर पाणिनीपासून आहे. मग आपण जी भाषा रोज बोलतो तिला का नाही?

अगदीच काही नव्हतं असंही नाही. विल्यम कॅरीनं 1805 साली मराठीचं व्याकरण छापलं होतं. महंमद इब्राहिम मकबा यांनी 1825 साली एक लिहिलं होतं. पण ती पुस्तकं इंग्रजीत होती. नव्यानं आलेल्या साहेबाला मराठी यावी म्हणून ती लिहिलेली होती. मराठी मुलाला त्यांचा उपयोग शून्य. मुंबईत तीन शास्त्र्यांनी मिळून मराठीतून एक व्याकरण रचलं होतं, पण ते हस्तलिखितातच राहिलं. ते छापून यायला थेट 1954 साल उजाडलं.

म्हणजे मराठी माणसानं मराठी माणसासाठी मराठीतून मराठीचे नियम सांगायचे, ही गोष्टच नवीन होती. शास्त्री-पंडितांच्या लेखी व्याकरण संस्कृतला असतं, प्राकृत बोलीला कसलं आलंय व्याकरण? आणि साहेबाच्या लेखी ही एक ‘नेटिव्ह’ बोली. दोन्ही बाजूंनी मराठीला खालचीच पायरी.

1836 साली दादोबांचं ‘महाराष्ट्र भाषेचें व्याकरण’ छापून आलं. वय 22. त्याच वर्षी गंगाधरशास्त्री फडके यांचंही मराठी व्याकरण आलं, पण शाळाशाळांत पोहोचलं आणि वर्षानुवर्षं टिकलं ते दादोबांचं.

आता त्यांच्यापुढं नेमकी अडचण काय होती, ते समजून घेण्यासारखं आहे. कारण तीच अडचण आज श्रीपूरच्या पोराला उलट्या बाजूनं येते.

इंग्रजीतलं ‘वेंट’ घ्या. राम गेला काय, सीता गेली काय, वासरू गेलं काय, इंग्रजीला फरक पडत नाही. सगळ्यांना ‘वेंट’. मराठीत गेला, गेली, गेलं, गेले, गेल्या. क्रियापद लिंग बघतं, वचन बघतं, आणि ‘गेलो, गेलास’ म्हणताना बोलणारा कोण तेही बघतं. मरेच्या पुस्तकात याला खणच नव्हता.

पुढचा घोळ त्याहून मोठा. ‘राम आंबा खातो’ म्हटलं की क्रियापद रामाच्या मागं चालतं. सीता असेल तर ‘खाते’. पण तेच भूतकाळात न्या. ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘रामाने पोळी खाल्ली’. रामाला सोडून क्रियापद आता आंब्याच्या आणि पोळीच्या मागं निघालं. सीतेनं आंबा खाल्ला तरी ‘खाल्ला’च. आणि ‘रामाने रावणाला मारलं’ म्हटलं की ते कुणाचंच ऐकत नाही, तिऱ्हाईतासारखं बाजूला उभं राहतं. याला आपण कर्तरी, कर्मणी, भावे प्रयोग म्हणतो, आणि शाळेत याच धड्यावर सगळ्यांची विकेट पडते.

इंग्रजी व्याकरणात याचं उत्तर मिळणं शक्य नव्हतं. त्यासाठी संस्कृतकडे वळावं लागलं. दादोबांच्या व्याकरणाची खासियत इथं आहे. पुस्तकाची मांडणी इंग्रजी वळणाची आणि परिभाषा बरीचशी संस्कृतातली. आणि ज्या भाषेचे नियम सांगायचे ती मात्र या दोघींच्याही मापात पुरती न बसणारी.

काळाचंही तसंच. चपलेत पाय घालता घालता आपण ओरडतो, ‘आलोच!’ अजून उंबराही ओलांडलेला नाही, पण क्रियापद भूतकाळाचं. ‘मी उद्या येतो’ यात उद्याची गोष्ट आणि रूप वर्तमानाचं. म्हणजे घड्याळातला काळ वेगळा आणि क्रियापदाच्या रूपाचा काळ वेगळा. व्याकरण लिहिणाऱ्यानं नाव कशाला द्यायचं, रूपाला की अर्थाला? पुढं शंभर वर्षं मराठी व्याकरणकार याच्यावर भांडत राहिले.

आता हेच उलटं करून बघा, म्हणजे इंग्रजीत आपली पोरं नेमकी कुठं चुकतात ते दिसतं.

‘मी गेलो नाही’. मराठीत ‘गेलो’ जागचं हलत नाही, फक्त ‘नाही’ जोडलं जातं. तेच इंग्रजीत उतरवलं की होतं ‘आय डिड नॉट वेंट’. चूक. कारण इंग्रजीत भूतकाळ ‘डिड’नं उचलून नेलेला असतो, मागं उरतो तो नुसता ‘गो’.

‘मी कालच आलो आहे’ हे मराठीत शंभर टक्के बरोबर. इंग्रजीत ‘आय हॅव कम येस्टरडे’ म्हटलं की लाल शेरा. इंग्रजीतल्या त्या ‘हॅव’ला ‘काल’ चालत नाही. तिथं ‘आय केम येस्टरडे’च हवं.

पोराला इंग्रजी येत नाही म्हणून ही चूक होत नाही. त्याला मराठी पक्की येते म्हणून होते. दोन भाषांची क्रियापदं शेजारी ठेवून कोणी दाखवली, तर ती चटकन सुटते. दादोबांनी 22 व्या वर्षी हेच शेजारी ठेवण्याचं काम केलं होतं, फक्त त्यांना इंग्रजीतून मराठीकडे यायचं होतं.

पुस्तक आलं म्हणून पोट भरत नाही. दादोबा काही काळ माळव्यातल्या जावरा संस्थानात नबाबाचे शिक्षक होते. मग मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये, मग सुरतेच्या इंग्रजी शाळेत. सुरतेत त्यांनी दुर्गाराम मेहताजींच्या सोबतीनं 1844 साली मानवधर्म सभा काढली. जातिभेद, भुताखेतांचे मंत्र-तंत्र, कर्मकांड यांच्यावर उघड वाद घालणारी ही सभा. मंडळींची नावं दादोबा, दुर्गाराम, दलपतराम, दिनमणिशंकर, दामोदरदास. सगळेच ‘द’वाले, म्हणून गुजरातेत हे ‘पाच दद्दा’ म्हणून ओळखले जातात.

1846 साली बाळशास्त्री जांभेकर गेले, ऐन तारुण्यात. मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करणारा मुंबईचा नॉर्मल वर्ग ते पाहत होते. ते काम दादोबांकडे आलं आणि व्याकरणाला खरी वाट मिळाली. जो शिक्षक इथून बाहेर पडणार, तो कोकणात जाणार, देशावर जाणार, आणि तिथल्या पोरांना हेच काळ आणि हेच प्रयोग शिकवणार. शिकवताना काय कळत नाही, कुठं अडतं, हे दादोबांना समोरच दिसत होतं. 1850 साली व्याकरणाची वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. पुढं 1865 मध्ये लहान मुलांसाठी ‘मराठी लघु व्याकरण’.

दरम्यान 1849 च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा सुरू झाली होती. तीही दादोबांच्याच प्रेरणेनं. कारभार गुप्त. सभासद जात मोडून एकत्र बसून जेवायचे, हे त्या काळात केवढं धाडस होतं ते सांगायला नको. पण उघड करायची हिंमत नव्हती, आणि 1860 च्या आसपास नावं फुटल्यावर सभा विस्कटली. व्याकरणात नियम छापून मोकळे होणारे दादोबा इथं मात्र पडद्याआड राहिले, ही टीका त्यांच्यावर होते आणि ती खोटी नाही.

आणखी एक बाजू. 1852 मध्ये ते शिक्षण खातं सोडून अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर झाले. तिथं भिल्लांचा उठाव मोडण्यात त्यांनी सरकारला मदत केली आणि रावबहादूर झाले. त्यांच्याच पाठचा भाऊ भास्कर पांडुरंग यानं 1841 साली ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये टोपणनावानं इंग्रजीतून पत्रं लिहून कंपनी सरकारच्या लुटीवर सडकून टीका केली होती. एकाच घरातल्या दोन भावांनी इंग्रजीचा केलेला हा उपयोग बघा.

तिसरा भाऊ डॉक्टर आत्माराम पांडुरंग, 1867 साली प्रार्थना समाज सुरू करणाऱ्यांतले प्रमुख. त्यांच्याकडे 1878 साली एक बंगाली मुलगा राहायला आला. विलायतेला जायचं होतं, त्याआधी इंग्रजी बोलण्याचा सराव हवा होता. त्याला शिकवायचं काम आत्मारामांच्या मुलीनं, अन्नपूर्णेनं केलं. तो मुलगा म्हणजे रवींद्रनाथ टागोर. दादोबांची पुतणी टागोरांची इंग्रजीची शिक्षिका होती.

व्याकरणावर टीका व्हायचीच होती, ती झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘शालापत्रका’त मराठी व्याकरणावर निबंध लिहून दादोबांच्या नियमांची चिरफाड केली. कृष्णशास्त्री गोडबोले यांचं नवं व्याकरण 1867 मध्ये आलं. नंतर 1911 मध्ये मोरो केशव दामले यांनी आधीच्या सगळ्यांना तपासत भलाथोरला ग्रंथ लिहिला. आज वहीत असलेला बारा खणांचा तक्ता एकट्या दादोबांचा नाही, तो असा अनेकांच्या हातून घासून आला आहे. पण सुरुवातीच्या चौकटीसाठी बोट दादोबांकडेच जातं. ‘मराठीचे पाणिनी’ ही ओळख त्यांना चिकटली ती त्यामुळंच.

दादोबांनी स्वतः मात्र पुस्तक संपलं असं कधी मानलं नाही. मोरोपंतांच्या ‘केकावली’वर त्यांनी टीका लिहिली, ‘धर्मविवेचन’ लिहिलं, स्वीडनच्या स्वीडनबोर्ग या तत्त्वज्ञावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, आणि पुन्हा व्याकरणाकडे आले. 1881 साली, पहिल्या पुस्तकानंतर 45 वर्षांनी, राहून गेलेल्या गोष्टींसाठी त्यांनी ‘मराठी व्याकरणाची पूरणिका’ छापली. पुढच्याच वर्षी, 17 ऑक्टोबर 1882 रोजी ते गेले. त्यांचं आत्मचरित्र अर्धवट राहिलं होतं. ते अ. का. प्रियोळकरांनी 1947 साली छापून आणलं.