दोन नोबेल आणि एक हट्ट

लिनस पॉलिंग हे नाव विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला अकरावी-बारावीतच भेटते. अणूंची विद्युतऋणता मोजण्याची पट्टी त्यांची. सर्दीची चाहूल लागताच ‘क’ जीवनसत्त्वाची गोळी तोंडात टाकणारे आणि कर्करोगाच्या रुग्णाला अँटिऑक्सिडंटच्या बाटल्या आणून देणारे नातेवाईक हेही बऱ्याच अंशी त्यांचेच वारस, मग त्यांना हे नाव ठाऊक असो वा नसो.

पॉलिंग यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९०१ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे झाला. (आपला राष्ट्रीय विज्ञान दिनही याच तारखेला असतो, पण तो रामन यांच्या शोधासाठी.) वडील औषधविक्रेते होते. लिनस नऊ वर्षांचे असताना ते वारले आणि आईने घरात भाडेकरू ठेवून तीन मुले वाढवली. पुढे तिला पर्निशियस अ‍ॅनिमिया जडला. १९२६ मध्ये ती गेली तेव्हा मुलगा शिष्यवृत्तीवर युरोपात होता. बी-१२ हे जीवनसत्त्व शरीरात शोषले न गेल्याने हा रोग होतो, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. भरपूर यकृत खाऊ घातले तर असे रुग्ण वाचतात, हे बोस्टनच्या डॉक्टरांनी दाखवले, तेही नेमके त्याच वर्षी.

आहाराची ताकद त्यांनी स्वतःच्या शरीरावरही अनुभवली. १९४१ मध्ये, चाळिशीत, त्यांना मूत्रपिंडाचा गंभीर विकार झाला. त्या काळी त्यावर औषध नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. थॉमस अ‍ॅडिस यांनी मीठ बंद केले, प्रथिने मोजून-मापून दिली आणि भरपूर पाणी प्यायला लावले. पत्नी एव्हा हेलन यांनी हे पथ्य वर्षानुवर्षे सांभाळले. पॉलिंग बरे झाले आणि त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे जगले. ज्या माणसाला ताटानेच वाचवले, त्याचा पुढचा ओढा समजून घ्यायला ही पार्श्वभूमी लागते.

मधली कारकीर्द कोणालाही पुरून उरेल अशी आहे. १९४९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूतील बिघाड असल्याचे सिद्ध केले. विदर्भात आणि नंदुरबारकडे या रोगाची ओळख करून द्यायला नको. १९५४ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. अणुचाचण्यांविरुद्ध अकरा हजारांवर शास्त्रज्ञांच्या सह्या गोळा केल्यावर १९६२ चे शांततेचे नोबेलही मिळाले. कोणाशीही वाटून न घेता दोन नोबेल मिळवणारे ते आजवरचे एकमेव.

१९६६ मध्ये न्यूयॉर्कमधील एका भाषणात त्यांनी विज्ञानाची प्रगती पाहायला आणखी काही वर्षे जगायला आवडेल, असे म्हटले. श्रोत्यांतील आयर्विन स्टोन या रसायनतज्ज्ञाने पत्राने सल्ला दिला: रोज तीन ग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व घ्या. पॉलिंग दांपत्याने ते सुरू केले, सर्दी कमी झाल्याचे त्यांना जाणवले आणि १९७० मध्ये पॉलिंग यांचे सर्दीवरचे पुस्तक आले. ते धो-धो खपले. पुढे त्यांची स्वतःची मात्रा १८ ग्रॅमपर्यंत गेली. संत्र्यांत मोजायची तर रोजची दोनशेच्या वर.

१९७१ मध्ये स्कॉटलंडचे शल्यचिकित्सक इवान कॅमेरॉन यांचे पत्र आले. पेशींना धरून ठेवणारी संयोजी ऊती मजबूत झाली तर गाठ पसरणार नाही, अशी कॅमेरॉन यांची कल्पना होती आणि त्यासाठी ‘क’ जीवनसत्त्व उपयोगी पडेल असे पॉलिंग यांना वाटले. म्हणजे सुरुवातीचा तर्क अँटिऑक्सिडंटचा नव्हताच. उपचार संपलेल्या रुग्णांना कॅमेरॉन रोज दहा ग्रॅम देत; आधी काही दिवस शिरेतून, नंतर तोंडाने. १९७६ मध्ये दोघांनी असे १०० रुग्ण मांडले आणि तुलनेला त्याच रुग्णालयाच्या जुन्या नोंदींतील १,००० रुग्ण घेतले. पहिला गट सरासरी २१० दिवस जगला, दुसरा ५०.

आकडा चौपट, पण पाया कच्चा. रुग्णावर आता काही करण्यासारखे उरले नाही, हे एका गटात समोर बसलेल्या डॉक्टरांनी ठरवले होते आणि दुसऱ्यात जुन्या कागदांवरून. हा निर्णय चार-सहा आठवडे अलीकडे-पलीकडे झाला, तरी जगल्याचे दिवस वाढलेले किंवा घटलेले दिसतात. चिठ्ठ्या टाकून गट पाडणे एवढ्याचसाठी असते. कॅमेरॉन यांना ते नैतिकदृष्ट्या पटत नव्हते. पॉलिंग यांना मात्र त्याची उणीव जाणवली नाही, हे त्यांच्यासारख्या मापात काटेकोर माणसाबाबत खटकते.

त्याच १९७६ साली एव्हा हेलन यांना जठराचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रियेनंतर त्यांनी केमोथेरपी न घेता रोज दहा ग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व घेतले. डिसेंबर १९८१ मध्ये त्या गेल्या. पॉलिंग यांचा विश्वास त्यानेही ढळला नाही.

मधल्या काळात मेयो क्लिनिकने रीतसर चाचणी घेतली. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली. कोणाला कोणती, हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही. १९७९ चा निष्कर्ष: फरक शून्य. या रुग्णांची प्रतिकारशक्ती आधीच्या केमोथेरपीने खचली होती, असा पॉलिंग यांचा आक्षेप होता. मग केमोथेरपी न घेतलेल्या, आतड्याच्या कर्करोगाच्या १०० रुग्णांवर दुसरी चाचणी झाली. १९८५ मध्ये निकाल तोच. पॉलिंग संतापले. गाठ वाढताच गोळ्या थांबवल्या, हा त्यांचा मुद्दा अगदीच फोल नव्हता, पण तोवर ऐकणारे पांगले होते.

एक दुवा मात्र दोन्ही बाजूंच्या नजरेतून निसटला. मेयोने जीवनसत्त्व फक्त तोंडाने दिले. आतडे ते ठरावीक मर्यादेपलीकडे शोषत नाही आणि जास्तीचे लघवीवाटे जाते. शिरेतून दिल्यास रक्तातील पातळी कैक पटींनी चढते आणि तेव्हा हे जीवनसत्त्व उलटे वागते: गाठीभोवती हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते, म्हणजे अँटिऑक्सिडंट राहतच नाही. हे पॉलिंग यांच्या मृत्यूनंतर उलगडत गेले. शिरेतून देण्याच्या चाचण्या पुढे झाल्या, पण तो प्रमाणित उपचार झालेला नाही.

गोळ्यांचा प्रश्न स्तनाच्या कर्करोगात अधिक टोचतो. किरणोपचार आणि डॉक्सोरुबिसिनसारखी औषधे गाठीतील पेशी मारताना काही अंशी फ्री रॅडिकल्सचाच वापर करतात. ती विझवणारी गोळी निरोगी पेशीबरोबर गाठीलाही आडोसा देऊ शकते. २०२० मध्ये अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी केमोथेरपी घेतलेल्या १,१३४ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. उपचारांच्या आधी आणि दरम्यान अँटिऑक्सिडंट गोळ्या घेणाऱ्यांमध्ये रोग उलटण्याचे प्रमाण ४१ टक्क्यांनी अधिक दिसले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा आकडा काठावरचा होता. बी-१२ च्या गोळ्यांबाबतचा संबंध अधिक ठळक होता. निरीक्षणावरून कारण सिद्ध होत नाही. तरी आपण काय घेतो हे कर्करोगतज्ज्ञांना सांगितल्याशिवाय अशी बाटली उघडू नये, एवढे त्यातून नक्की निघते. आहारातल्या आवळ्या-पेरूशी या गोळ्यांची गल्लत करू नये. आणि बी-१२ ची खरोखर कमतरता असेल तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावेच लागते. पॉलिंग यांच्या आईचा रोग तोच होता.

१९९१ मध्ये नव्वदीतल्या पॉलिंग यांना प्रोस्टेटचा कर्करोग असल्याचे कळले. ‘क’ जीवनसत्त्वामुळे तो कित्येक वर्षे उशिरा आला, अशी त्यांची खात्री होती. एप्रिल १९९४ मध्ये फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीचा निकाल आला. बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला होता. त्यानंतर चार महिन्यांनी, १९ ऑगस्टला, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील आपल्या शेतघरात पॉलिंग यांचे निधन झाले. तेव्हा ते ९३ वर्षांचे होते.