भाऊसाहेब बांदोडकर : कौल हरले, अडीच महिन्यांत पुन्हा मुख्यमंत्री

केरीच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसलं की तेरेखोल नदीचं मुख ओलांडायला काही मिनिटं पुरतात. पलीकडे तेरेखोलचा किल्ला, तोही गोव्यातच. त्याच्यापुढे रेडी आणि शिरोडा लागलं की महाराष्ट्र. दशावतार दोन्हीकडे, जत्रा दोन्हीकडे, सोयरीकही दोन्हीकडे. ही हद्द ठेवायची की पुसायची, या एका प्रश्नावर साठच्या दशकात अख्खा गोवा दोन पक्षांत विभागला गेला. हद्द पुसा म्हणणाऱ्यांचे पुढारी याच पेडणे तालुक्याचे सुपुत्र होते. दयानंद बाळकृष्ण बांदोडकर, म्हणजे सगळ्यांचे भाऊसाहेब.

पेडण्याचा मुलगा, खाणीचा मालक

भाऊसाहेबांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडण्यात झाला. घरची परिस्थिती बेताची होती. पुढे ते खाण व्यवसायात शिरले आणि मोठे खाणमालक झाले. पैसा आला तसा तो वाटलाही. शाळा, देवळं, अडलेली माणसं, जो दारात आला तो सहसा रिकाम्या हाताने परतला नाही. राजकारणात येण्याआधीच त्यांचं नाव खेडोपाडी पोचलं होतं ते यामुळेच.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज राजवट गेली, पण गावातली उतरंड तशीच राहिली. भाटकार भाटकारच राहिला आणि कूळ-मुंडकार त्याच्या मर्जीवर. बहुजन समाजाला मुक्तीचा अर्थ जमिनीत आणि शाळेत हवा होता. त्याच्या आशेला आवाज देणारा पक्ष म्हणून महाराष्ट्रवादी गोमंतक, म्हणजे मगो, उभा राहिला. निशाणी सिंह. महाराष्ट्रात विलीन व्हायचं, मराठीतून शिकायचं आणि कसेल त्याला जमीन मिळवून द्यायची, हे सगळं या पक्षाने एकाच गाठोड्यात बांधलं.

समोर डॉ. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स, म्हणजे युगो. निशाणी हात. गोवा वेगळा राहावा, कोकणीची ओळख टिकावी ही त्यांची मागणी. त्यांचा मोठा आधार ख्रिस्ती समाजात, विशेषतः सासष्टी, बार्देश, तिसवाडीसारख्या जुन्या काबिजादीत. मगोचा जोर पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा अशा नव्या काबिजादीत.

पहिलं सरकार

९ डिसेंबर १९६३ ला पहिली निवडणूक झाली. दिल्लीत सत्तेवर असलेल्या काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही, जी एक आली ती दमणची. मगो आणि मित्र मिळून १६, युगो १२. भाऊसाहेब स्वतः त्या निवडणुकीत उभे नव्हते, तरी २० डिसेंबरला मुख्यमंत्री तेच झाले. मडकईतून पोटनिवडणूक जिंकून ते नंतर सभागृहात आले.

निकाल एकच, पण त्याचे अर्थ दोन लावले गेले. मगोचं म्हणणं, लोकांनी विलीनीकरणाला मत दिलंय, आता वेगळं विचारायचं कशाला? युगोचं म्हणणं, निवडणुकीत सरकार निवडलं जातं, प्रदेशाचं अस्तित्व नाही; त्यासाठी वेगळा कौल घ्या. विधानसभेत बहुमत मगोचं, त्यामुळे विलीनीकरणाच्या बाजूचा ठराव मंजूर झाला. पण दिल्लीने त्यावर थेट निर्णय घेतला नाही.

या ताणात सरकारचं काम थांबलं नाही, हेही खरं. १९६४ चा कूळ कायदा आला, कुळांना जमिनीवर संरक्षण मिळालं. गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. ज्या घरात कधी पाटी आली नव्हती तिथली पोरं शाळेत जाऊ लागली. पण प्रत्येक गोष्टीला पक्षाचा रंग चढत गेला. मराठी शाळा म्हटलं की मगो, कोकणीचा आग्रह धरला की युगो. धर्म, भाषा, जमीन आणि राज्य हे चार वेगळे प्रश्न. पण माणूस कोणत्या पक्षाचा हे कळलं की चारही उत्तरं ठरलेली धरली जाऊ लागली.

फूल की दोन पानं

अखेर संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. मगोचं सरकार खुर्चीवर असताना कौल निष्पक्ष होणार नाही, असा युगोचा आक्षेप होता. डिसेंबर १९६६ च्या सुरुवातीला भाऊसाहेबांच्या सरकारने राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली. बाहेरगावी राहणाऱ्या गोवेकरांनाही मत द्या, ही युगोची मागणी मात्र मान्य झाली नाही.

१६ जानेवारी १९६७. निशाण्या दोनच. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहण्याला दोन पानं. प्रचारात घरं फुटली. वर्तमानपत्रंही वाटली गेली, 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने आणि 'राष्ट्रमत' विरोधात. गंमत म्हणजे दोन्ही दैनिकं मराठी. विलीनीकरणाच्या विरोधातला एक मोठा आवाज मराठीतूनच घरोघर पोचला. मराठी वाचणारा म्हणजे फुलाचाच, हा हिशेब तिथे चुकला.

३ लाख ८८ हजार ४३२ मतदारांपैकी ३ लाख १७ हजार ६३३ जणांनी मत दिलं, म्हणजे सुमारे ८२ टक्के. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या पट्ट्यात फुलाची सरशी होती, पण एकूण गोव्याने वेगळं राहायचं ठरवलं. केरी आणि शिरोड्याच्या मधली हद्द कायम राहिली.

हरलेला पुढारी पुन्हा निवडून येतो

भाऊसाहेबांचं राजकारण इथेच संपलं, असं अनेकांना वाटलं. पक्षाच्या नावातच महाराष्ट्र, आणि लोकांनी तोच नाकारलेला. पण २८ मार्च १९६७ च्या निवडणुकीत मगोला १६ जागा मिळाल्या, युगोला पुन्हा १२. ५ एप्रिलला भाऊसाहेब परत मुख्यमंत्री.

म्हणजे बऱ्याच लोकांनी जानेवारीत त्यांच्या मागणीला नकार दिला आणि मार्चमध्ये त्यांनाच राज्य दिलं. यात विरोधाभास दिसतो, पण मतदाराच्या बाजूने पाहिलं तर नाही. कुळाला कूळ कायदा हवा होता, पोरांना शाळा हवी होती, सरकारात आपला माणूस हवा होता. त्यासाठी गोवा महाराष्ट्रात जायलाच हवा असं त्याला वाटत नव्हतं. पक्षाने बांधलेलं गाठोडं त्याने सोडलं, हवं ते ठेवलं आणि नको ते बाजूला काढलं. जानेवारीत प्रश्न वेगळा विचारला गेला म्हणून हे उघड झालं. नाहीतर १९६३ चा निकालच विलीनीकरणाचा कौल म्हणून धरला गेला असता.

भाऊसाहेबांनीही हे ओळखलं. त्यांनी निकाल स्वीकारला, विलीनीकरणाचा सूर उतरत गेला आणि कामाचा भर गोव्याच्या उभारणीवर आला. १९७० मध्ये कला अकादमी स्थापन झाली.

घरातली फूट

त्याच १९७० मध्ये वेगळंच संकट आलं. कारभार एकाच्या हातात एकवटलाय, अशी तक्रार घेऊन मगोचेच काही आमदार बंड करून बाहेर पडले. सरकार वाचलं ते विरोधी युगोतून आलेल्या काही आमदारांच्या आधारावर. तीन वर्षांपूर्वी जे एकमेकांना गोव्याचे शत्रू ठरवत होते, ते सभागृहात एका बाजूला बसले. गावात मात्र मगोवाल्याचं आणि युगोवाल्याचं वैर तसंच होतं. वरच्यांना जुळवून घ्यायला एक बैठक पुरली, खालच्यांना वर्षं लागली.

१९७२ च्या निवडणुकीत मगो १८ जागांवर गेला. १२ ऑगस्ट १९७३ ला मुख्यमंत्रिपदावर असतानाच भाऊसाहेबांचं निधन झालं. पणजीजवळ मिरामारला त्यांची समाधी आहे.

पुढे कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. मुंडकारांना संरक्षण देणारा १९७५ चा कायदा त्यांच्या काळातला. १९७९ मध्ये त्यांचं सरकार पडलं तेही स्वपक्षातल्या फुटीने, आणि १९८० मध्ये मगो ७ जागांवर आला. १९८७ मध्ये गोवा स्वतंत्र घटकराज्य झाला. ज्या प्रश्नावर पक्ष जन्मला तो मिटला. पण कूळ कायद्याने ज्यांच्या पायाखाली जमीन आली आणि गावच्या शाळेत जे पहिल्यांदा शिकले, त्यांच्या घरात भाऊसाहेबांचं नाव आजही निघतं. त्या घरांतल्या किती जणांनी १९६७ च्या जानेवारीत दोन पानांवर शिक्का मारला होता, हे मतपेटीलाच ठाऊक.