नामदार गोखले व सक्तीचे शिक्षण

कायदा राजधानीत होतो, त्याच्याशी आपला काय संबंध, अशी वर्ध्यातील पुष्कळ व्यापारी बंधूंची समजूत असावी. ती किती अपुरी आहे, हे कै. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या चरित्रावरून दिसते.

१८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे गरीब घरात जन्मलेले गोखले फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक झाले. पुण्याची नगरपालिका, मुंबईचे कायदेमंडळ व १९०२ पासून वरिष्ठ कायदेमंडळ, या तिन्ही पायऱ्या त्यांनी अनुभविल्या. म्हणूनच १९११ चे त्यांचे प्राथमिक शिक्षणाचे बिल तिन्हींस जोडणारे होते: सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांवर शिक्षणाची सक्ती स्थानिक संस्थेने करावी, तीस प्रांतिक सरकारने मंजुरी द्यावी, खर्चाचा एक तृतीयांश संस्थेने व उरलेला सरकारने सोसावा. प्रांतिक सरकारांचे मत प्रतिकूल पडले, आणि मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी बिल फेटाळले गेले. १९१५ साली गोखले निवर्तले.

बीज मात्र मेले नाही. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात, १९२० साली वर्धा ज्यात होता त्या मध्यप्रांतात तसे कायदे झाले. १९३७ च्या वर्धा परिषदेने सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण मागितले. २००९ साली संसदेने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीस तो हक्क दिला.

तथापि शाळा पुरविणे व मुलांची नोंद ठेवणे ही कर्तव्ये याही कायद्याने स्थानिक संस्थेवरच टाकली आहेत. बाजारपेठेत एखादे पोर शाळेच्या वेळी चहाचे पेले उचलताना दिसले, तर नगरपालिकेस जाब विचारणे हे दिल्लीचे नव्हे, आपलेच काम आहे, असे आम्हांस वाटते.