पैसे रेल्वेचे, चित्र मोरॅनचं

कोलोरॅडोत आमच्या गावी दर सप्टेंबरात निसर्गचित्रांची स्पर्धा भरते. चित्रकार डोंगरात जातात आणि जागेवर बसून चित्र काढतात. यंदा पहिल्या बक्षिसाचे पैसे आमची कंपनी देणार आहे आणि नियम ठरवणाऱ्या समितीत मीही आहे. मी कॉम्प्युटर इंजिनिअर. चित्रकलेतली माझी मजल शाळेतल्या एलिमेंटरी परीक्षेपर्यंतच. पहिल्या बैठकीत सूचना आली, की बक्षीसपात्र चित्रात आमचं नवं ऑफिस कुठेतरी दिसायला हवं. पैसे आपले, मग हरकत काय, असं क्षणभर मलाही वाटलं. निर्णय पुढच्या आठवड्यावर गेला आणि मी थॉमस मोरॅनविषयी वाचायला घेतलं. इथल्या डोंगरांचा हा सर्वात नावाजलेला चित्रकार.

मोरॅनचा जन्म १८३७ सालचा, इंग्लंडमधल्या बोल्टनचा. घरचा धंदा हातमागाचा. यंत्रमाग आले, काम गेलं आणि १८४४ मध्ये कुटुंब अमेरिकेत फिलाडेल्फियाकडे आलं. थॉमस तेव्हा सात वर्षांचा होता. पोटासाठी देश सोडणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको! पोरवयातच तो लाकडी ठसे कोरणाऱ्यांकडे उमेदवारीला लागला. पुढे इंग्लंडला जाऊन त्याने टर्नरच्या चित्रांचा अभ्यास केला.

१८७१ मध्ये फर्डिनंड हेडन यांची सरकारी तुकडी यलोस्टोनच्या पाहणीला निघाली. मोरॅनने तो भाग न पाहताच एका मासिकासाठी त्याची चित्रं केली होती. आता त्याला स्वतः पाहायचं होतं, पण खिशात पैसे नव्हते. मासिकाने ५०० डॉलर उसने दिले, आणखी ५०० जे कुक या बँकरने. कुक नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेसाठी भांडवल उभं करत होता. रेल्वेला प्रवासी हवे होते आणि प्रवाशांना ओढायला चित्रं. आजच्या भाषेत ही स्पॉन्सरशिपच.

मोरॅन अगदी किडकिडीत, घोड्यावर कधी न बसलेला. खोगिरावर उशी ठेवून त्याने मजल मारली. सोबतचा विल्यम हेन्री जॅक्सन फोटो काढायचा, मोरॅन जलरंगात रंग टिपायचा. ते फोटो आणि चित्रं वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसच्या सदस्यांना दाखवली गेली. १ मार्च १८७२ रोजी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं. त्याच वर्षी काँग्रेसने मोरॅनचं बारा फुटी तैलचित्र १०,००० डॉलरला विकत घेतलं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या वावरणाऱ्या शोशोनी, क्रो जमातींना मात्र ना रेल्वेने विचारलं, ना सरकारने.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८७३ मध्ये, कुकची पेढी बुडाली. देशभर मंदी आली, रेल्वेचं काम रखडलं. उद्यान आणि चित्र मात्र आजही आहे. १८९२ मध्ये सांता फे रेल्वेने मोरॅनला ग्रँड कॅन्यनला नेलं आणि त्याच्या चित्राच्या छापील प्रती हॉटेलांत, शाळांत लावल्या. आपल्याकडे घरोघरी कंपन्यांच्या कॅलेंडरवरचे देखावे असायचे ना, तसंच. १९२६ मध्ये, ८९ व्या वर्षी मोरॅन सांता बार्बराला गेला.

मला थांबवलं ते एका तपशिलाने. १८७१ च्या त्या प्रवासात तो वायोमिंगमधल्या ग्रीन रिव्हरला रेल्वेनेच उतरला होता. तिथले कडे त्याने पुढे कितीदा तरी रंगवले, पण गाव आणि रूळ बहुतेक चित्रांत गाळूनच टाकले. म्हणजे त्यानेही पूर्ण खरं दाखवलं नाही. पण काय ठेवायचं आणि काय वगळायचं, हे त्याने स्वतः ठरवलं.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं जमेल तसं सांगितलं. साहेब फारसे खूश दिसले नाहीत. मतदान झालं आणि ती अट एका मताने पडली. आता कंपनीचं नाव बक्षिसाच्या चेकवर असेल. चित्रात ऑफिस आलंच, तर ते चित्रकाराला काढावंसं वाटलं म्हणून.